क्रिस, मेग आणि ऑलिव्हिया

१९७३ साली वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रावर ‘सोफीज पार्लर’ नावाचा एक कार्यक्रम लागत असे. बायकांनी बायकांसाठी चालवलेला. एके दिवशी तिथे क्रिस विल्यमसन नावाची सव्वीस वर्षांची गायिका मुलाखतीला आली. समोर होत्या मेग ख्रिश्चन आणि जिनी बर्सन. मेग क्लबांतून गिटारवर गाणारी, जिनी चळवळीतली कार्यकर्ती. गप्पा संगीताच्या धंद्यावर आल्या. कंपन्या पुरुषांच्या, रेकॉर्डिंग करणारे पुरुष, कुठलं गाणं बाजारात जाईल ते ठरवणारेही पुरुषच. त्यावर क्रिस बोलता बोलता म्हणाली, मग बायकांची रेकॉर्ड कंपनीच का काढू नये?

हे सुचवणारी पुढच्या गावी निघून गेली. ऐकणाऱ्यांनी मात्र ती गोष्ट मनावर घेतली. त्यातून ‘ऑलिव्हिया रेकॉर्ड्स’ उभी राहिली, आणि दोन वर्षांनी त्याच क्रिसने तिथे असा एक अल्बम केला, की जो मोठ्या कंपनीशिवाय, जाहिरातीशिवाय, व्यावसायिक रेडिओच्या जवळजवळ मदतीशिवाय पाच लाखांवर खपला. अमेरिकी रॉकचा इतिहास सांगणाऱ्या जाडजूड पुस्तकांत या अल्बमला बहुधा ओळभर जागाही मिळत नाही. त्याचं मला वाईट वाटतं, म्हणून ही हकीकत सविस्तर सांगतो.

क्रिसचा जन्म १९४७ चा, साउथ डकोटातल्या डेडवुड गावचा. वडील वनखात्यात. त्यामुळे बालपण कोलोरॅडो आणि वायोमिंगच्या डोंगरपट्ट्यात गेलं. माणसं विरळ आणि आभाळ अफाट. तिच्या गाण्यांतून धबधबे, तारे, जनावरं, गवताळ माळ सारखे येत राहतात ते तिथले. आवाज लहानपणापासूनच तयार होता. १९६४ मध्ये, शाळेत असतानाच, वायोमिंगमधल्या शेरिडन गावच्या एका छोट्या कंपनीने तिचा पहिला अल्बम काढला. जूडी कॉलिन्सची छाप त्या आवाजावर उघड ऐकू येते. डेन्व्हर विद्यापीठातून पदवी घेतली, काही काळ शाळेत शिकवलं आणि गाणं चालू ठेवलं. १९७१ साली ॲम्पेक्सने तिच्या नावाचाच अल्बम काढला. ॲम्पेक्स ही मुळात टेपची यंत्रं करणारी कंपनी. रेकॉर्डच्या धंद्यात ती जेमतेम दोन-तीन वर्षं टिकली आणि त्यात क्रिसचा अल्बमही वाहून गेला.

तो अल्बम मेगच्या हाती लागला. मेग क्रिसहून वर्षभराने मोठी, व्हर्जिनियातल्या लिंचबर्गची. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात तिने इंग्रजी आणि संगीत असे दोन्ही विषय घेतले होते. १९६९ साली वॉशिंग्टनला येऊन ती क्लबांतून गाऊ लागली. शास्त्रीय गिटारवर बोटं पक्की बसलेली. पण क्लबात गायची ती गाणी बहुतेक पुरुषांनी लिहिलेली, आणि ज्या बाईच्या तोंडी ती घालायची ती बाई कायम कुणाची तरी वाट बघत बसलेली. स्त्रीवादी विचार अंगात भिनू लागला तशी मेगला ही गाणी गाववेनात. बायकांनी लिहिलेली गाणी ती शोधू लागली. त्या शोधात क्रिसचा अल्बम सापडला, आणि आपल्या कार्यक्रमांतून तिने क्रिसची गाणी लोकांना ऐकवून ऐकवून पाठ करवली. म्हणून क्रिस वॉशिंग्टनला गायला आली तेव्हा ती चकित झाली. जो अल्बम बाजारात कुणी विचारला नव्हता त्यातली गाणी समोरच्या बायका तिच्याबरोबर म्हणत होत्या.

रेडिओवरची मुलाखत या कार्यक्रमाच्या सुमाराची.

जिनी बर्सन ज्या गटातून आली होती त्याची ओळख करून दिल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. १९७१ साली वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल हिलच्या अंगणातच म्हणावं अशा एका घरात बारा तरुण लेस्बियन स्त्रियांनी एकत्र संसार मांडला. गटाचं नाव ‘द फ्युरीज’. त्यात पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेली रिटा मे ब्राउन होती, शार्लट बंच होती, छायाचित्रकार जोन बायरन होती. पैसे एकत्र, कपडे एकत्र, वाद रात्र रात्र. त्यांनी याच नावाचं वृत्तपत्र काढलं. गट वर्षभरातच फुटला, पण एक विचार त्यातल्या अनेकींच्या डोक्यात पक्का राहिला: बायकांच्या हाती स्वतःची छापखान्यासारखी, दुकानासारखी, पैसा मिळवून देणारी साधनं नसतील, तर चळवळ दुसऱ्याच्या मेहेरबानीवर राहील. ते अकराव्या रस्त्यावरचं घर २०१६ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेलं. त्या घरात तेव्हा धड भाड्याचीही खात्री नसायची.

काळ कसा होता तेही लक्षात घ्यायला हवं. समलिंगी संबंध अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत गुन्हा होता. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९७३ च्या डिसेंबरात. आई लेस्बियन आहे एवढ्या कारणावरून न्यायालयं मुलांचा ताबा काढून घेत. शिक्षिकेची नोकरी जाई. अशा वेळी एखाद्या बाईने दुसऱ्या बाईवरचं प्रेम मंचावर उभं राहून गायचं, आणि ते रेकॉर्डवर आपल्या नावानिशी छापायचं, याला काळीज लागत होतं. क्रिस-मेगच्या आधी मॅक्सीन फेल्डमनने ते केलं होतं. तिची ‘ॲन्ग्री ॲथिस’ ही १९७२ ची छोटी रेकॉर्ड उघड लेस्बियन गाण्याची पहिली मानली जाते. ॲलिक्स डॉबकिनने १९७३ मध्ये के गार्डनरला घेऊन ‘लॅव्हेंडर जेन लव्ज विमेन’ हा संपूर्ण अल्बम स्वतः काढला. पण ही एकेकीची धडपड होती. कंपनी काढणं ही वेगळी गोष्ट.

मेग, जिनी, जूडी डलुगाझ, केट विंटर, जेनिफर वुडल आणि आणखी काहीजणी एकत्र आल्या. यातल्या बहुतेकींना रेकॉर्ड कशी बनते याची कल्पना नव्हती. कंपनीचं नाव ठेवलं ऑलिव्हिया, १९४९ सालच्या एका कादंबरीवरून. फ्रान्समधल्या निवासी शाळेत आपल्या बाईंच्या प्रेमात पडणाऱ्या मुलीची ती गोष्ट, डोरोथी ब्यूसीने टोपणनावाने लिहिलेली. भांडवल किती? देणग्यांतून जमलेले ४,००० डॉलर.

त्या पैशात अल्बम होणं शक्य नव्हतं. १९७४ मध्ये त्यांनी एक छोटी रेकॉर्ड काढली. एका बाजूला मेगचं गाणं, दुसऱ्या बाजूला क्रिसचं. स्त्रीवादी पत्रिकांतून बातमी दिली, टपालाने मागणी घेतली, स्वतः पाकिटं भरली, पत्ते लिहिले, पोस्टात नेऊन टाकली. १२,००० डॉलर आले. यातून मेगच्या ‘आय नो यू नो’ या अल्बमचा खर्च निघाला. छोटी रेकॉर्ड ऐकून योको ओनोने एकत्र काही करण्याचा प्रस्ताव पाठवला होता. नवख्या, नाव नसलेल्या गायिकांसाठी ही कंपनी आहे असं सांगून या बायकांनी तो नम्रपणे नाकारला. खिशात दमडी नसताना बीटल्सच्या घरून आलेला हात परत करायचा, हा निर्णय मला आजही थक्क करतो. व्यवहाराच्या दृष्टीने चूकच असेल. पण कंपनी कुणासाठी आहे हे त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं.

मेगचा अल्बम सत्तर हजारांच्या आसपास खपला. त्यातलं ‘ओड टू अ जिम टीचर’ हे गाणं शाळेत व्यायाम शिकवणाऱ्या बाईंवर जीव जडलेल्या मुलीचं आहे. मिस्कील, पाळण्याच्या झोक्यासारखी चाल, आणि ध्रुवपद सगळ्यांनी मिळून म्हणायचं. ज्या गोष्टीसाठी त्या बायकांना डॉक्टरांकडे, पाद्र्याकडे, न्यायाधीशाकडे उभं केलं जात होतं, त्याच गोष्टीवर भरलेलं सभागृह मोठ्याने हसायचं. मेगची खरी कमाई ती होती.

मग १९७५ साल आणि ‘द चेंजर अँड द चेंज्ड’.

या अल्बमची निर्माती स्वतः क्रिस. ऑलिव्हियाचा नियम असा, की वाजवण्यापासून रेकॉर्डिंगच्या यंत्रापर्यंत प्रत्येक काम बाई करील. ऐकायला सोपं वाटतं. त्या वेळी अमेरिकेतल्या स्टुडिओंत नियंत्रण-कक्षात बसणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. जोन लो ही त्यांतली एक. ध्वनिमुद्रण तिने केलं. गिटारवर जून मिलिंग्टन आली. मनिलात जन्मलेली जून ही ‘फॅनी’ या बँडची गिटारवादक. मोठ्या कंपनीबरोबर अल्बम काढणाऱ्या बायकांच्या रॉक बँडांतला तो अगदी आधीचा. पुरुषांच्या धंद्यात अनेक वर्षं काढून ती थकून बाहेर पडली होती. जॅकी रॉबिन्सचा चेलो, मेग आणि मार्जी ॲडमची साथ. मधोमध क्रिसचा पियानो आणि तिचा तो मोकळा, खोल, डोंगरात हाक मारल्यासारखा आवाज.

काय होतं त्या अल्बमात? पहिलं गाणं ‘वॉटरफॉल’. पियानो हळूहळू चढत जातो, मग आवाजांवर आवाज रचले जातात आणि शेवटी एकटी बाई गात होती हे विसरायला होतं. ‘स्वीट वूमन’ हे सरळसरळ एका बाईने दुसरीला म्हटलेलं प्रेमगीत, लपवाछपवी नाही, सर्वनामांची कसरत नाही. ‘साँग ऑफ द सोल’ भजनासारखं. त्याचा शेवट घोळक्याने गायचा. राजकीय घोषणा शोधाल तर एकही सापडणार नाही. चळवळीतल्या काहीजणींना ते खटकलं, हे फार मवाळ, फार आध्यात्मिक आहे असं वाटलं. माझ्या मते अल्बमचं बळ नेमकं तिथे आहे. दिवसभर लढणाऱ्या बाईला रात्री घरी आल्यावर आणखी एक भाषण नको होतं. आपण जशा आहोत तशा चांगल्या आहोत, हे कुणीतरी सुरात सांगायला हवं होतं. क्रिसने ते सांगितलं, आणि इतक्या उत्तम वादनात सांगितलं की कौतुक करताना कुणाला चळवळीची सवलत द्यावी लागली नाही.

आता हा अल्बम खपला कसा, ते पाहू. या कहाणीतला सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात मोठा भाग तो आहे. मोठ्या वितरकांनी हात लावला नसता. तेव्हा ऑलिव्हियाने गावोगावच्या बायकांनाच विचारलं: तुमच्या भागात तुम्ही विकाल का? कुणी नर्स होती, कुणी विद्यार्थिनी, कुणी मास्तरीण. धंद्याचा अनुभव शून्य. खोकी घरी यायची, पलंगाखाली राहायची, मोटारीच्या डिकीत पडायची. कार्यक्रम असला की दाराशी टेबल मांडायचं. स्त्रीवादी पुस्तकांची दुकानं तेव्हा शहरोशहरी निघत होती, तिथे प्रती ठेवायच्या. मग धीर करून गावातल्या नेहमीच्या रेकॉर्डच्या दुकानात जायचं, मालकाला पाच प्रती ठेवायला पटवायचं, पंधरा दिवसांनी परत जाऊन बघायचं. पाच संपल्या की तोच मालक दहा मागे. याच जणींमधून कार्यक्रम भरवणाऱ्या तयार झाल्या. सभागृह ठरवणं, तिकिटं, ध्वनी, प्रकाश, सगळं त्या शिकल्या. वॉशिंग्टनमध्ये बोडन सँडस्ट्रॉमने १९७५ साली ‘वूमन साउंड’ ही ध्वनियंत्रणेची कंपनी काढली. कार्यक्रमाला मुलं सांभाळायची सोय असे. तिकीट ऐपतीप्रमाणे असे. बहिऱ्या बायकांसाठी मंचावर खुणांच्या भाषेत गाणं सांगणारी असे. आज जी गोष्ट मोठमोठ्या कार्यक्रमांत दिसते ती इथे फार आधी रुजली.

१९७४ मध्ये इलिनॉयमध्ये राष्ट्रीय महिला संगीत महोत्सव सुरू झाला, १९७६ मध्ये मिशिगनच्या रानात दुसरा. त्याच वर्षी क्रिस, मेग, मार्जी ॲडम आणि हॉली निअर या चौघी ‘विमेन ऑन व्हील्स’ नावाने कॅलिफोर्नियाचा दौरा करून आल्या. ‘विमेन्स म्युझिक’ असा एक वेगळा खणच दुकानांतून दिसू लागला. ऑलिव्हिया तोवर वॉशिंग्टन सोडून लॉस एंजेलिसला आणि तिथून १९७७ मध्ये ओकलंडला गेली होती. पगार गरजेप्रमाणे आणि निर्णय एकमताने, त्यामुळे बैठका संपता संपत नसत.

सँडी स्टोनचं प्रकरण याच काळातलं. ते सांगताना मन जड होतं, पण टाळून चालणार नाही. ऑलिव्हियाला कसबी ध्वनिमुद्रक हवी होती. सँडी ट्रान्स स्त्री. तिने आधी न्यूयॉर्कच्या बड्या स्टुडिओत काम केलं होतं, जिमी हेन्ड्रिक्सच्या ध्वनिमुद्रणांवरही. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर ती या गटात आली, अल्बमांचं काम केलं आणि मुख्य म्हणजे इतर बायकांना ते यंत्र शिकवू लागली. ती ट्रान्स आहे हे गटाला ठाऊक होतं आणि गटाला त्यात अडचण वाटली नाही. अडचण बाहेरच्यांना वाटली. १९७७ मध्ये एका स्त्रीवादी पत्रात ऑलिव्हियाविरुद्ध जाहीर पत्र आलं. बायकांच्या कंपनीत ‘पुरुष’ का, असा त्याचा सूर. ऑलिव्हियाने जाहीर उत्तर देऊन सँडीची पाठराखण केली. पण धमक्यांची पत्रं येऊ लागली, बहिष्काराची भाषा सुरू झाली. सिएटलच्या कार्यक्रमाला शस्त्रं घेऊन येण्याची धमकी एका गटाने दिली होती, असं सँडीने पुढे सांगितलं. ज्यांच्या विश्वासावर कंपनी उभी होती त्याच गिऱ्हाइकांतला एक भाग उलटला. कंपनी बुडू नये म्हणून सँडीच बाहेर पडली. १९७९ साली जॅनिस रेमंडने आपल्या पुस्तकात तिचं नाव घेऊन हल्ला केला. सँडी विद्यापीठात शिकायला गेली आणि तिने उत्तरादाखल लिहिलेला निबंध आज ट्रान्स अभ्यासशाखेचा पाया मानला जातो.

ऑलिव्हियाच्या बायका या प्रसंगात गटाच्या आत ताठ उभ्या राहिल्या, हे नोंदवायला हवं. चळवळ म्हणून मात्र तो पराभव होता. ज्यांना जगाने दारातून हाकललं होतं त्यांनीच आपल्या दारात उभं राहून एकीला हाकललं. मिशिगनच्या महोत्सवात हा वाद चिघळत राहिला आणि २०१५ मध्ये महोत्सव बंद होईपर्यंत मिटला नाही.

बाहेरचा शत्रूही गप्प नव्हता. १९७७ मध्ये फ्लोरिडातल्या डेड परगण्यात समलिंगी लोकांना भेदभावापासून संरक्षण देणारा ठराव ॲनिटा ब्रायंटने मोहीम काढून मतदानाने रद्द करवला. ॲनिटा गायिका, आणि फ्लोरिडाच्या संत्र्याच्या रसाच्या जाहिरातींचा चेहरा. ऑलिव्हियाने उत्तरादाखल ‘लेस्बियन कॉन्सन्ट्रेट’ हा गाण्या-कवितांचा संग्रह काढला. वेष्टनावर रसाचा डबा. विक्रीतला वाटा मुलांच्या ताब्यासाठी न्यायालयात लढणाऱ्या लेस्बियन मातांच्या निधीला गेला.

आणखी एक दुखणं आतलं होतं. मंचावर आणि समोर बसलेल्यांत गोऱ्या बायकाच जास्त. ऑलिव्हियाला याची जाणीव होती. पॅट पार्कर आणि जूडी ग्रान यांच्या कवितांची रेकॉर्ड १९७६ मध्ये निघाली. मग लिंडा टिलरी आणि मेरी वॉटकिन्स यांचे अल्बम निघाले. १९७८ मध्ये ‘व्हेरीड व्हॉइसेस ऑफ ब्लॅक विमेन’ हा दौरा निघाला. त्यात टिलरी, वॉटकिन्स, ग्वेन एव्हरी, व्हिकी रँडल आणि पॅट पार्कर होत्या. टिलरीचा आवाज ब्लूज-गॉस्पेलच्या भट्टीतून आलेला, वॉटकिन्सचा पियानो जॅझचा. पण क्रिस-मेगच्या मऊ गिटार-पियानोची सवय झालेल्या श्रोत्यांनी या अल्बमांना तेवढं उचलून धरलं नाही. बायकांचं संगीत म्हणजे अमुक एका सुराचं संगीत, अशी समजूत कानांत बसली होती. ती समजूत या चळवळीला महागात पडली.

२६ नोव्हेंबर १९८२, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, ऑलिव्हियाच्या दहाव्या वर्षानिमित्त मेग आणि क्रिस न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायल्या. सुमारे २,८०० खुर्च्यांचं ते सभागृह. तिकिटं संपली. आठ वर्षांपूर्वी या दोघींच्या गाण्यांची पाकिटं स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरली जात होती. कार्यक्रमाचा अल्बम पुढच्या वर्षी निघाला. त्यात टाळ्यांआधी होणारा जो गलका ऐकू येतो, तो नेहमीच्या कार्नेगी हॉलचा नाही.

त्यानंतर मेग थांबली. दारूच्या व्यसनातून ती प्रयत्नपूर्वक बाहेर आली होती. १९८१ च्या ‘टर्निंग इट ओव्हर’ अल्बमात त्या प्रवासाच्या खुणा आहेत. १९८४ मध्ये तिने संगीताचा हा संसार सोडला आणि गुरुमाई चिद्विलासानंदांच्या मार्गाला लागली. गुरुमाई म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरीच्या स्वामी मुक्तानंदांच्या शिष्या. मुक्तानंदांनी १९८२ मध्ये त्यांना आणि त्यांच्या भावाला वारस नेमलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गणेशपुरीतच देह ठेवला. मेगने शांभवी हे नाव घेतलं. ‘जिम टीचर’ गाणारा तो आवाज पुढे सिद्धयोगाच्या परंपरेतली भक्तिगीतं गाऊ लागला. त्यांचे अल्बमही निघाले. तानसा नदीकाठच्या त्या गावाची आणि वॉशिंग्टनच्या लेस्बियन कार्यकर्त्यांची गाठ अशी पडली. मेगच्या चाहत्यांतल्या पुष्कळजणींना हे सोडून जाणं लागलं. मला मात्र त्यात तुटलेपण वाटत नाही. क्रिसच्या ‘साँग ऑफ द सोल’ला साथ करणारी बाई भजनाकडे गेली, यात नवल ते काय?

क्रिस थांबली नाही. १९८२ मध्ये तिने ‘लुमिएर’ हा मुलांसाठीचा अल्बम केला. ट्रेट फ्युअर ही गिटारवादक आणि ध्वनिमुद्रक तिची जोडीदार झाली. जवळपास वीस वर्षं दोघींनी घर, दौरे आणि अल्बम एकत्र केले, ‘वुल्फ मून’ हे स्वतःचं लेबल चालवलं. दोघी वेगळ्या झाल्यावर २००१ मध्ये क्रिसचा ‘ॲशेस’ आला. स्त्रीने स्त्रीवर केलेलं प्रेम तिने पंचविशीत गायलं होतं. आता पन्नाशी उलटल्यावर तिने त्या प्रेमाचा मोडलेला संसारही तितक्याच उघडपणे गायला. लेस्बियन गाण्यात हे क्वचितच झालं होतं. पहिल्या पिढीवर आनंद गाण्याची जबाबदारी होती. दुःख गायचं तर विरोधकांच्या हाती कोलीत.

ऑलिव्हियाचे दिवस ऐंशीच्या दशकात पालटले. खर्च वाढले, सीडी आली, श्रोते विखुरले. मेलिसा एथरिज नावाच्या कॅन्ससच्या तरुणीने आपली टेप ऑलिव्हियाला पाठवली होती. ती नाकारली गेली. नकाराचं पत्र, खाली सही ‘ऑलिव्हियाच्या बायका’, मेलिसाने जपून ठेवलं. १९८८ मध्ये ट्रेसी चॅपमन, पुढच्या वर्षी इंडिगो गर्ल्स, मग के. डी. लँग अशा गायिका पुढे आल्या. १९९२ मध्ये लँगने आणि १९९३ च्या जानेवारीत क्लिंटनच्या शपथविधीनिमित्तच्या एका समारंभात मेलिसाने आपण लेस्बियन असल्याचं जाहीर सांगितलं. आता मोठ्या कंपन्या त्यांच्या होत्या, रेडिओ त्यांचा होता. एव्हाना ऑलिव्हियाची जूडी डलुगाझ बोटींच्या मागे लागली होती. १९९० मध्ये सहाशे बायकांना घेऊन तिने बहामाची सफर काढली. ती कंपनी आजही सफरी काढते. रेकॉर्ड मात्र बंद झाल्या. चाळीसच्या आसपास अल्बम काढून ते काम संपलं.

जून मिलिंग्टनने १९८०च्या दशकात मुलींना वाद्यं, ध्वनिमुद्रण आणि धंदा शिकवणारी संस्था काढली. मॅसॅच्युसेट्सच्या गोशेन गावात ती चालते. कार्नेगी हॉल आणि बोटींच्या सफरींइतकीच ‘चेंजर’ची ही कमाईही मोजायला हवी.

क्रिस विल्यमसन ही अमेरिकी फोक-रॉकमधली पहिल्या रांगेतली गायिका आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तिला लेस्बियन गायिका म्हणून वेगळ्या खणात ठेवलं गेलं, आणि तो खण मग इतिहासकारांनी उघडलाच नाही. जोनी मिचेल आणि जूडी कॉलिन्स यांच्याबरोबर तिचं नाव घ्यायला हरकत असेल, तर ती गाण्याची नाही. ‘द चेंजर अँड द चेंज्ड’ आजही मिळतो. जुनी रेकॉर्ड कुठे हाती आली तर ऐकण्याआधी वेष्टन उलटं करा आणि मागची नावं एकेक करून वाचा.